श्वास धरून बसलेले चेहरे

आकारामच्या हातची भुवई कधी वाकडी झाली नाही. हे मी ऐकीव सांगत नाही. बावीस वर्षं, दर चैत्र-वैशाखात, माझा चेहरा त्याच्या हातात होता. डाव्या हाताचा अंगठा माझ्या हनुवटीखाली, करंगळी कानाच्या पाळीला टेकलेली आणि उजव्या हातात पेन्सिल. एकच रेघ. पुसायची नाही, गिरवायची नाही. आरशात बघावं तर समोर मी नसायचेच. कधी राणी असायची, कधी पाटलाची विधवा सून, कधी पोराला टाकून निघालेली आई.

त्या काळी आमच्या भागात जत्रेला गावातल्याच मंडळींचं नाटक असे. पुरुषांच्या भूमिका गावची पोरं करायची आणि बाईची भूमिका करायला सांगली-मिरजेहून आम्हां नट्यांना बोलावणं यायचं. पडदेवाला, कपडेवाला आणि मेकअपवालाही बाहेरूनच यायचा. आकाराम हा त्यातला मेकअपवाला. मूळचा रहिमतपूरचा, वडिलांच्या हाताखाली शिकलेला. शाळेचा एखादा वर्ग आमचा रंगपट. बाकं भिंतीला लावलेली, फळ्यावर अर्धवट पुसलेलं गणित, मध्ये एक खुर्ची आणि खुर्चीशेजारी आकारामची पेटी. दिवस कलायच्या आत वीस-बावीस तोंडं रंगवून व्हायला हवीत. तो सगळ्यात आधी मला बसवायचा, कारण माझा चेहरा हलत नसे.

"पोरांनो, बघा जरा," तो रेघ ओढताना मागच्या रांगेला म्हणायचा. "बाईंच्यासारखं बसावं माणसानं. श्वास बी घेत न्हाईत. याला म्हंत्यात कलाकार."

एकदा कृष्णात नावाचा पोरगा, जो त्या वर्षी खलनायक होता, मागून म्हणाला, "भाऊ, तुजा मेकप म्हंजे प्राणायाम हाय गड्या. उठंपर्यंत डोळ्याम्होरं काजवं."

सगळा वर्ग हसला. सगळ्यात मोठ्यानं आकाराम हसला. त्याला ती शाबासकी वाटली होती.

खरं काय होतं ते त्या वर्गात त्याच्याखेरीज प्रत्येकाला माहीत होतं. आकारामच्या श्वासाला वास येत असे. देवाचं निर्माल्य चार दिवस पिशवीत राहिलं की जसा येतो, तसा. पहिली तीन-चार वर्षं तो नव्हता किंवा जाणवण्याइतका नव्हता. मग दर जत्रेला वाढत गेला. आकाराम दारू पीत नव्हता, तंबाखूही खात नव्हता. रोज नदीवर आंघोळ करणारा, धुवट पांढऱ्या शर्टाचा माणूस. पण चेहरा रंगवायचा म्हणजे वीतभर अंतरावर यावंच लागतं. तो जवळ आला की आम्ही श्वास धरायचो. एक-दोन-तीन असे आकडे मोजत, तो ब्रश बुडवायला पेटीकडे वळेपर्यंत. आणि त्याला वाटायचं, त्याची रेघ सरळ यावी म्हणून आम्ही दगड होऊन बसतो.

एका वर्षी, त्याच्याच गावाजवळच्या एका जत्रेत, मला अगदी राहवलं नाही. मी दम घेऊन म्हणाले, "आकाराम, तुझ्या त्या गमाला वास येतो रे."

मिशी-दाढी चिकटवायचा तो गम, डिंकासारखा. बिचाऱ्या गमाचा काही दोष नव्हता. पण माणसाला तोंडावर 'तुझा वास येतो' असं कसं म्हणायचं? रंगमंचावर नवऱ्याच्या तोंडावर मंगळसूत्र फेकायची माझी तयारी होती, हे वाक्य म्हणायची नव्हती. म्हणून मी दोष बाटलीवर ढकलला.

त्यानं बाटली नाकाशी नेली. हुंगली. पुन्हा हुंगली. "मला तर काय कळंना," तो म्हणाला. "बदलतो."

त्यानं गम बदलला. पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारलं, "आता?" मी म्हणाले, "पेटीत मुरला असेल." नट माणसाचं असं असतं, एक वाक्य बोललं की त्याला जोडून दुसरं तयारच असतं.

ती पेटी त्याच्या वडिलांची. सागवानी, पितळी कड्यांची. आत लोकरीच्या दाढ्या, जटा, राजाच्या मिशा, त्याच्या वडिलांनी स्वतः विणलेली एक पांढरी शुभ्र दाढी, जी चार जिल्ह्यांतल्या ऋषींनी लावली होती. खंडेनवमीला शेतकरी अवजारं पुजतो तशी ही पेटी पुजली जाई. हळदकुंकू, झेंडूचं फूल, नारळ. अशी वस्तू विकता येत नाही, जाळताही येत नाही.

दहा-बारा दिवसांनी तो सांगलीला माझ्या घरी आला, हातात नवी पत्र्याची पेटी.

"जुनी कुठंय?"

"दिली किस्नामाईला."

"अरे, पेटी?"

"तुमी म्हणाला, लाकडात वास मुरलाय. दाढ्या रिठ्यानं धुतल्या. पेटी चार रोज उन्हात ठेवली. नाक लावून लावून बघितलं, मला काय उमजंना. म्हटलं, बाई उगंच बोलायच्या न्हाईत. मग देवातली भंगल्याली मूर्त सोडत्यात तशी सोडली. नारळ फोडला." तो जरासा हसला. "बुडत नव्हती हो लवकर. दाढ्या आत हुत्या न्हवं, तरंगाय लागली."

मी चहा करायला आत गेले आणि बराच वेळ आतच राहिले.

पुढे जत्रांतली नाटकं कमी झाली. ऑर्केस्ट्रा आले, मग नुसतेच मोठे स्पीकर आले. माझं काम सुटलं. आकारामला शाळांची स्नेहसंमेलनं मिळायची, कधी लग्नातला नवरदेव. तो सांगलीतच खणभागात एका खोलीत राहायला आला. त्याची बायको शालूबाई तिथंच वारली. मुलगी माया लग्न होऊन साताऱ्याला गेली. महिन्यातून एकदा आकाराम माझ्याकडे यायचा. मी खुर्ची खिडकीशी ठेवायची, पंखा लावायची. थंडीतही पंखा लावायची. आम्ही जुन्या गावांची नावं घेत बसायचो.

त्याची डावी नाकपुडी वर्षानुवर्षं बंद होती. आवाज नाकातून यायचा, डोकं दुखायचं, कधी शिंकरलं की रक्ताचा धागा यायचा. डॉक्टरांनी सायनस सांगितलं होतं. गोळ्या घेतल्या की दहा दिवस बरं, मग पुन्हा तेच. एकदा दातांच्या डॉक्टरांकडेही जाऊन आला. ते म्हणाले, तोंड स्वच्छ आहे, एकही दात किडलेला नाही. त्याचा त्याला अभिमान होता.

करोनाची दोन वर्षं त्याला बरी गेली, असं तो एकदा म्हणाला. रेशनच्या रांगेत सगळेच एकमेकांपासून लांब उभे राहायचे. "मी येकटाच लांब न्हवतो," तो म्हणाला. तेव्हा मला वाटलं, याला कळलंय. पण नाही. त्याला एवढंच कळलं होतं की माणसं त्याच्यापासून लांब बसतात. का ते कळलं नव्हतं. स्वभाव असेल, गरिबी असेल, असं त्यानं आपलं आपण ठरवलं होतं.

गेल्या डिसेंबरात एका दुपारी बेल वाजली. दारात आकाराम. तोंडाला मास्क, वरून रुमाल. आत ये म्हटलं तर पायरीवरच बसला. काल साताऱ्याहून आलो म्हणाला.

मायाची मुलगी स्वानंदी, चौथीतली. शाळेच्या संमेलनात तिला म्हातारीचं काम होतं आणि तिनं वर्गात सांगून टाकलं होतं की माझा मेकअप माझे आबा करणार. आकाराम पत्र्याची पेटी घेऊन पहाटेच्या एसटीनं गेला. मायाच्या घरातल्या उजेडाच्या खोलीत खुर्ची मांडली, नातीच्या हनुवटीखाली अंगठा ठेवला. कपाळावरच्या सुरकुत्या झाल्या, डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या झाल्या. पोरगी एवढी स्थिर की त्याचा ऊर भरून आला. रक्तातच आहे, असं वाटलं. मग त्याला दिसलं की पोरीचे डोळे भरलेत, गाल लाल झालेत, ओठ घट्ट मिटलेत.

"मग म्हणाली," आकाराम पायरीकडे बघत म्हणाला, "'आबा, आता श्वास घेऊ का?'"

त्यानं विचारलं, का गं, धरला कशाला? ती म्हणाली, आईनं सांगितलंय, आबांसमोर नाकाला हात लावायचा नाही, त्यांना वाईट वाटतं. म्हणून मी श्वास धरला.

मी उंबऱ्यात खाली बसले.

"माया म्हणती, आबा साताऱ्यालाच ऱ्हावा आता. येकटं कशाला तिकडं. दोन वर्सं झाली म्हणती या. म्या म्हणायचो, बघू." त्यानं रुमाल सारखा केला. "आता कसा जाऊ? ल्हान पोर घरात. किती वेळ श्वास धरंल?"

मी साडी बदलली आणि त्याला घेऊन मिरजेला गेले.

नाक-कान-घशाच्या डॉक्टर तरुण होत्या, रेश्मा नावाच्या. त्यांनी आकारामला मास्क काढायला लावला आणि तोंड वळवलं नाही. मी ते बघत होते. इतक्या वर्षांत मला जे जमलं नव्हतं ते त्या मुलीनं सहज केलं. त्यांनी नाकपुडीतून बारीक दुर्बीण आत घातली. शेजारच्या पडद्यावर लाल-ओली गुहा दिसली आणि तिच्या तळाशी, खपल्यांच्या आणि सुजलेल्या मांसाच्या मधून, काहीतरी पांढरट टोकदार वर आलेलं. डॉक्टरांनी दुर्बिणीचं टोक टेकवलं. ते हललं नाही. मग सीटी स्कॅन झाला. दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हांला बोलावलं आणि काळा फोटो उजेडावर लावला.

"काका, तुमच्या नाकात दात आहे."

आकारामनं मान पुढे करून फोटो बघितला. मग म्हणाला, "कुणाचा?"

"तुमचाच." डॉक्टरांना हसू आलं, पण त्यांनी ते लगेच आवरलं. "दात बाहेर दिसण्याआधी हाडात त्याचा कोंब असतो. एखादा कोंब वाट चुकतो. टाळूत जातो, गालाच्या पोकळीत जातो, क्वचित नाकात. तुमचे तोंडातले दात सगळे जागेवर आहेत, म्हणजे हा जादाचा होता. खाली यायचं सोडून वर गेला. लहानपणी तोंडावर कधी मार बसला होता?"

"उसाच्या गाडीवरनं पडलो हुतो. सात-आठ वर्सांचा आसंन."

"त्यानं झालं असेल किंवा नसेलही. काहींच्या बाबतीत कारण कळतच नाही. पण मग त्या दाताभोवती थर साचत गेले, खडा झाला, जंतू झाले, पू झाला. वास त्याचाच."

"मला कसा आला न्हाई मग?"

"सतत एकच वास असला की नाक तो सांगायचं सोडून देतं. आणि तुमची ती बाजू तर बंदच होती."

डॉक्टरांनी उपचार समजावून सांगितला. पूर्ण भूल द्यायची, नाकपुडीतूनच दुर्बीण आणि चिमटा घालून दात आणि खडा काढायचा. चेहऱ्यावर चीर नाही, टाका नाही. नंतर काही आठवडे मिठाच्या पाण्यानं नाक धुवायचं. वयामुळे आधी रक्ताच्या, हृदयाच्या तपासण्या.

"माज्या चेहऱ्याचं काय घिऊन बसलायसा," आकाराम म्हणाला. "पोरीनं घरी ऱ्हायला बोलावलंय. वास जाईल का, तेवढं सांगा."

"जायला हवा. जखम भरेपर्यंत थोडा राहील. मग जाईल."

जानेवारीच्या सुरुवातीला ऑपरेशन झालं. माया साताऱ्याहून आली. आम्ही दोघी बाहेरच्या बाकावर बसलो. तासाभराच्या आत डॉक्टर बाहेर आल्या, हातात प्लॅस्टिकची छोटी डबी. आत एक काळपट-पिवळा खडबडीत तुकडा, शेंगदाण्याहून थोडा मोठा. एका टोकाला मात्र चकचकीत, खरोखर दातासारखा. तपासणीला पाठवून मग परत देऊ म्हणाल्या. माया तो बघून रडायला लागली.

"एवढंसं होतं," ती म्हणाली. "आई सारखी म्हणायची, यांना काही बोलू नकोस. एवढंसंच होतं."

तीन आठवड्यांनी आकाराम माझ्याकडे आला. मास्क नव्हता. सवयीनं पायरीवर बसायला लागला, मी हाताला धरून आत आणला. खुर्ची खिडकीशी ठेवली नाही, पंखा लावला नाही. तो स्वयंपाकघराच्या दाराशी थबकला आणि मान वर करून हवा ओढत राहिला.

"बाई, फोडणीत मेथी टाकली व्हय?"

"टाकली."

"लय दिसांनी आला वास." मग खिशातून गमाची बाटली काढली, झाकण उघडून माझ्यापुढे धरली. "ह्याचा घ्या."

मी घेतला. राळेचा आणि स्पिरिटचा. झाडाच्या सालीसारखा.

"ह्यो तर चांगला वास हाय," आकाराम म्हणाला.

"चांगला आहे."

"तवा तुमी म्हणाला हुता, गमाला वास येतो."

पाठ केलेली वाक्यं मी आयुष्यभर बोलले. त्या दिवशी एकही वाक्य पाठ नव्हतं. "गमाला नव्हता, आकाराम. तुझा होता. मला सांगवलं नाही."

"रंगवत हुतो ती बावीस वर्सं?"

"त्यातली अठरा."

त्यानं मान हलवली, जणू चार वर्षांची सूट मिळाली. बाटलीचं झाकण घट्ट बसवलं. मी म्हणाले, माझं चुकलं. तो म्हणाला, "तुमी येकट्या थोड्याच हुता." मग म्हणाला, "शाली पायथ्याला डोकं करून निजायची. म्हणायची, उकडतंय. थंडीत बी म्हणायची."

मी त्याच्या कपात उरलेला चहा ओतला.

"तिला आता इचारता येत न्हाई." त्यानं चहा संपवला, कप स्वतः विसळून पालथा ठेवला, जसा तो नेहमी ठेवतो. निघताना उंबऱ्यात थांबला. "पेटीचं काय चुकलं हुतं, बाई?"

त्याच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

मग फेब्रुवारी, मार्च आणि एप्रिल असे तीन महिने तो आला नाही. मी दोनदा खणभागात जाऊन आले. एकदा कुलूप होतं. दुसऱ्यांदा होता, नाक धुवत होता, दोन शब्द बोलला. मे महिन्यात त्यानं खोली सोडली. जायच्या आदल्या दिवशी येऊन ती दाताची डबी मला दाखवली. रिपोर्ट चांगला होता, काही वाईट निघालं नव्हतं.

"ठिवू का टाकू?" त्यानं विचारलं.

"ठेव," मी म्हणाले. "आता काही टाकू नकोस."

माया फोन करते. म्हणते, आबा बरे आहेत, पण जमत नाही अजून. दुर्गंधी कधीच गेलीय, डॉक्टरांनी दोनदा पाहून सांगितलं. तरी आबा जेवायला आमच्याबरोबर बसत नाहीत, मागून बसतात. खाट दाराशी ओढून घेतात. मी आत सरकवली की संध्याकाळी पुन्हा दाराशी. बोलताना तोंड बाजूला करतात. आणि कुणी जवळ आलं की, मावशी, ते आता स्वतःच श्वास धरतात.

मी तिला काय सांगणार? नाटकात तिसऱ्या अंकात सगळं कळतं आणि माणसं एकमेकांच्या गळ्यात पडतात. इथं दुर्बिणीनं दात काढता आला. हे कुठल्या चिमट्यानं काढायचं?

मागच्या रविवारी दुपारी माझ्या मोबाइलवर एक फोटो आला. स्वानंदीनं पाठवलेला. खाली तिनं लिहिलं होतं की शाळेत काही नाही, उगाचच, मला राणी व्हायचं होतं म्हणून आबांना बसवलं. नंतर माया फोनवर हसत हसत सांगत होती. पोरगी खुर्चीवर बसली आणि जी बोलत सुटली ती थांबेचना. वर्गातल्या भांडणाची गोष्ट, बाईंची नक्कल, मध्येच खिदळणं. आबा म्हणाले, बाय, जरा गप बस, रेघ हालंल. ती म्हणाली, मग तुम्ही हळू काढा, मी काही श्वास धरणार नाही. आणि त्यांच्या तोंडासमोर तोंड नेऊन भसकन श्वास सोडला. आबा आधी मागे सरले. मग, माया म्हणाली, पुढे आले.

मी चष्मा लावून फोटो मोठा करून पाहिला. कपाळाला कुंकू, नाकात माझ्यासारखीच खोटी नथ, दात दाखवून हसणारी राणी. उजवी भुवई नेहमीसारखी, धनुष्यासारखी. डावी भुवई मध्येच उडाली होती, कानाकडे जाता जाता वर चढून पुन्हा खाली आली होती. हसताना हललेल्या चेहऱ्याची भुवई. त्यानं ती पुसली नव्हती, गिरवली नव्हती.

एवढ्या वर्षांत आकारामच्या हातून निघालेली ती पहिली वाकडी रेघ.